रथाचे सुटे भाग आणि यीस्टमधील आर.एन.ए. पॉलिमरेज

‘मिलिंद प्रश्न’ या पाली ग्रंथातील रथाचा दृष्टांत आपल्या वाचकांना अपरिचित नाही. ग्रीक वंशातील राजा मिलिंद सागल नगरीत भदंत नागसेनांच्या भेटीस येतो. आपण रथात बसून आलो, असे तो सांगतो. तेव्हा नागसेन त्याला एकेक भाग घेऊन विचारतात, की आस म्हणजे रथ काय, चाक म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? प्रत्येक वेळी राजाला नाही म्हणावे लागते. मग या सर्व भागांना सोडून रथ आणखी कोठे आहे काय? तेही राजाला मान्य करता येत नाही. हे सारे भाग विशिष्ट रीतीने जोडले गेले म्हणजे त्या जोडणीला रथ हे नाव मिळते, एवढेच खरे.

हा दृष्टांत ऐकल्यावर चिकित्सक विद्यार्थ्याच्या मनात आणखी एक प्रश्न उभा राहतो. रथाचा एखादा भाग काढून घेतला तर रथ चालेल काय? चाक काढले तर तो जागीच बसेल. ध्वज काढला तर धावत राहील. म्हणजे काही भाग आवश्यक आणि काही केवळ शोभेचे, असे म्हणावे काय? नेमका हाच प्रश्न शास्त्रज्ञांनी यीस्टच्या पेशीतील एका अतिसूक्ष्म यंत्राविषयी विचारला आणि त्याचे भाग एकेक करून खरोखरच काढून पाहिले. त्या यंत्राचे नाव आर.एन.ए. पॉलिमरेज. मिळालेले उत्तर विचार करायला लावणारे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे विज्ञानाची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकालाही समजेल अशा भाषेत विषय मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

यीस्ट आणि त्याची खातेवही

यीस्ट म्हणजे पाव फुगवणारी एकपेशीय बुरशी. बेकरीतील यीस्टचे शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसिई. एकच पेशी असलेला हा जीव क्षुल्लक वाटेल, परंतु त्याच्या पेशीत आपल्या पेशीप्रमाणेच केंद्रक असते. बॅक्टेरियात ते नसते. या अर्थाने यीस्ट हे बॅक्टेरियापेक्षा माणसाला अधिक जवळचे आहे. ते प्रयोगशाळेत स्वस्तात वाढते आणि अनुकूल परिस्थितीत दीड-दोन तासांत एकाचे दोन होते. म्हणूनच केंद्रक असलेल्या सजीवांपैकी ज्याचा जनुकसंच सर्वांत आधी पूर्ण वाचला गेला, तो जीव यीस्टच होता. हे काम १९९६ साली पूर्ण झाले. सोळा गुणसूत्रे, सुमारे १ कोटी २० लाख अक्षरे आणि सुमारे ६,००० जनुके एवढा हा संच आहे.

ही अक्षरे म्हणजे डी.एन.ए.च्या लांबच लांब साखळीतील चार प्रकारचे दुवे. बँकेचे उदाहरण घेऊ. मूळ खातेवही जागची हलत नाही. काउंटरवर जेवढा मजकूर लागतो, तेवढा उतारा काढून दिला जातो. पेशीची खातेवही म्हणजे डी.एन.ए. ती केंद्रकातच राहते. ज्या जनुकाची गरज असेल तेवढ्याच भागाचा उतारा काढला जातो, त्याला आर.एन.ए. म्हणतात. हा उतारा बाहेर गेल्यावर त्यावरून प्रथिन तयार होते. उतारा काढणारा कारकून म्हणजे आर.एन.ए. पॉलिमरेज हे एन्झाइम, म्हणजेच विकर. ते डी.एन.ए.च्या दोन धाग्यांमधील गुंफण थोड्या अंतरापुरती सोडवते, एका धाग्यावरील अक्षरे वाचते आणि प्रत्येक अक्षराच्या जोडीचा दुवा उचलून नव्या साखळीला लावत पुढे सरकते.

तीन कारकून, तीन विभाग

बॅक्टेरियाच्या पेशीत सर्व उतारे काढणारे पॉलिमरेज एकच असते. केंद्रक असलेल्या पेशींत मात्र अशी तीन एन्झाइमे आहेत, हे रॉबर्ट रोडर आणि विल्यम रटर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६९ साली दाखवून दिले. त्यांची कामे वाटलेली आहेत. पॉलिमरेज-१ हे रायबोसोमसाठी लागणारा मोठा आर.एन.ए. तयार करते. रायबोसोम म्हणजे पेशीतील प्रथिनांचा कारखाना. या एकाच कामासाठी यीस्टच्या बाराव्या गुणसूत्रावर एकाच जनुकाच्या सुमारे १५० प्रती ओळीने मांडलेल्या आहेत. पॉलिमरेज-२ हे प्रथिनांचा आराखडा असणारे, हजारो निरनिराळ्या जनुकांचे उतारे काढते. पॉलिमरेज-३ कडे मुख्यतः अमिनो आम्ले वाहून आणणारे छोटे आर.एन.ए. आणि रायबोसोमचा एक लहान आर.एन.ए. एवढे खाते आहे.

ही तिन्ही एन्झाइमे एकेका प्रथिनाची बनलेली नाहीत. अनेक स्वतंत्र प्रथिने एकमेकांत गुंतून एक एन्झाइम होते. अशा प्रत्येक प्रथिनाला उपघटक म्हणतात. प्रत्येक उपघटकाचे जनुक वेगळे असते, तो वेगळा तयार होतो आणि मग जोडणीत येऊन बसतो. यीस्टच्या पॉलिमरेज-१ मध्ये १४, पॉलिमरेज-२ मध्ये १२ आणि पॉलिमरेज-३ मध्ये १७ उपघटक आहेत. यांपैकी पॉलिमरेज-२ चा अभ्यास सर्वांत बारकाईने झाला आहे, म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

बारा उपघटकांची कामे

पॉलिमरेज-२ च्या उपघटकांना साधारणपणे आकाराच्या उतरत्या क्रमाने आरपीबी-१ ते आरपीबी-१२ अशी नावे आहेत. आकारात मोठी तफावत आहे. आरपीबी-१ मध्ये १,७३३ अमिनो आम्ले, तर आरपीबी-१२ मध्ये अवघी ७०.

हे सर्व भाग कोठे बसतात हे डोळ्यांनी दिसणे शक्य नव्हते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉजर कॉर्नबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे खपून या एन्झाइमचे स्फटिक तयार केले. त्यांवर क्ष-किरण टाकून २००० आणि २००१ साली त्यांनी त्याची अणूंच्या पातळीवरील रचना प्रसिद्ध केली. या कार्यासाठी कॉर्नबर्ग यांना २००६ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या रचनेवरून यंत्राचे रूप स्पष्ट झाले. आरपीबी-१ आणि आरपीबी-२ हे दोन मोठे उपघटक समोरासमोर बसतात आणि त्यांच्यामध्ये एक खोल खाच तयार होते. डी.एन.ए. या खाचेतून आत येतो. खाचेच्या तळाशी मॅग्नेशियमचा अणू धरलेला असतो आणि तेथेच नवा दुवा साखळीला जोडला जातो. डी.एन.ए. आत आल्यावर मुख्यतः आरपीबी-१ चा बनलेला एक भाग पकडीसारखा मिटतो, त्यामुळे काम अर्ध्यावर सुटत नाही. आरपीबी-५ आणि आरपीबी-९ हे खाचेच्या तोंडाशी, जबड्याच्या दोन बाजूंना आहेत. आरपीबी-६ पकडीच्या बुडाशी आधार देतो. आरपीबी-३, १०, ११ आणि १२ हे चौघे एका टोकाला एकत्र असून जोडणी करताना पायासारखे उपयोगी पडतात. दोन मोठे उपघटक त्यांच्या आधाराने एकत्र येतात. आरपीबी-८ हा आरपीबी-१ च्या बाहेरच्या अंगाला चिकटलेला असतो. उरलेले आरपीबी-४ आणि आरपीबी-७ यांची जोडी यंत्राच्या बाहेर देठासारखी पुढे आलेली आहे. नवा आर.एन.ए. जेथून बाहेर पडतो, त्या जागेजवळच हा देठ आहे.

आरपीबी-१ ला आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्याच्या टोकाला लांब शेपटी असून तिच्यात सात अमिनो आम्लांचा एकच क्रम पुन्हा पुन्हा येतो. यीस्टमध्ये २६ वेळा, तर माणसात ५२ वेळा. या शेपटीवर फॉस्फेटच्या खुणा चढतात आणि उतरतात. कोणत्या टप्प्यावर कोणत्या सहायक प्रथिनाने यायचे, हे त्या खुणांवरून ठरते. कार्यालयातील फाइलवर जसे शेरे पडत जातात आणि त्यांवरून ती कोणत्या टेबलावर जायची हे ठरते, तसाच हा प्रकार होय.

एक भाग काढून पाहिला तर?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भाग काढून पाहण्याची पद्धत सोपी पण चतुर आहे. यीस्टच्या पेशीत जनुकांचे दोन संच असू शकतात. अशा पेशीतील एका उपघटकाच्या जनुकाची एक प्रत नष्ट करतात. दुसरी प्रत शाबूत असल्याने पेशी जगते. मग तिची उपासमार केली की ती चार बीजाणू तयार करते. त्यांपैकी दोघांना चांगली प्रत मिळते आणि दोघांना काहीच मिळत नाही. चारही बीजाणू वेगळे करून वाढवायचे. चारही वाढले तर तो भाग नसला तरी चालते. दोनच वाढले तर तो भाग जीवनावश्यक आहे.

बारा उपघटकांपैकी दहा जीवनावश्यक ठरले. यात ७० अमिनो आम्लांचे चिमुकले उपघटकही आले. आकाराने लहान म्हणून महत्त्वाने लहान, हा हिशेब येथे चुकतो. फक्त आरपीबी-४ आणि आरपीबी-९ हे दोन नसतानाही पेशी जगल्या.

मग हे दोन भाग रथाच्या ध्वजासारखे शोभेचे समजायचे काय? नॅन्सी वॉयचिक आणि रिचर्ड यंग यांनी १९८९ साली आरपीबी-४ नसलेल्या यीस्टचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम तापमानाला अशा पेशी जगत होत्या, वाढही होत होती, पण सावकाश. तापमान वाढवताच त्यांची वाढ थांबली. साधे यीस्ट ३७ अंश सेल्सिअसला बिनतक्रार वाढते. आरपीबी-४ नसलेले यीस्ट वाढत नाही. फार थंडीतही ते टिकाव धरीत नाही आणि उपासमारीतही त्याचे हाल होतात. पुढे १९९३ साली असेही दिसून आले, की झपाट्याने वाढणाऱ्या पेशींमधून काढलेल्या पॉलिमरेज-२ च्या थोड्याच रेणूंमध्ये हा उपघटक असतो, तर अन्न संपून वाढ थांबलेल्या पेशींमध्ये तो जवळजवळ प्रत्येक रेणूत आढळतो. आरपीबी-४ आणि आरपीबी-७ या जोडीवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही संशोधन झाले आहे.

आरपीबी-९ ची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो नसला तर उतारा निघतो, पण उतारा कोठून सुरू करायचा यात फरक पडतो आणि नकलेत चुका वाढतात. पेशी जगते, पण तिचे कामकाज ढिसाळ होते.

यातला गंमतीचा भाग असा, की कॉर्नबर्ग यांना पहिली स्पष्ट रचना मिळाली ती आरपीबी-४ नसलेल्या यीस्टमधूनच. ही जोडी काही रेणूंत असते आणि काहींत नसते, त्यामुळे सगळे रेणू सारखे मिळत नव्हते आणि स्फटिक नीट होत नव्हते. आरपीबी-४ काढल्यावर ती अडचण दूर झाली. म्हणून पहिले चित्र दहा उपघटकांचे होते. बारांचे पूर्ण चित्र २००३ साली मिळाले.

या सर्वांतून निघणारा निष्कर्ष साधा आहे. एखादा भाग अनावश्यक आहे असे म्हणताना, कोणत्या परिस्थितीत, हे सांगितल्याशिवाय त्या विधानाला अर्थ नाही. प्रयोगशाळेतील ऊबदार, भरपूर साखर असलेल्या बाटलीत आरपीबी-४ अनावश्यक आहे. परंतु निसर्गात यीस्टला अशी बाटली कोण देणार? तेथे ऊन आहे, थंडी आहे आणि बहुतेक काळ उपासमारच आहे. सुखाच्या दिवसांत ज्याची उणीव भासत नाही, तोच संकटात पेशीला तारतो.

सामाईक भाग

तिन्ही पॉलिमरेजांची तुलना केल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. आरपीबी-५, ६, ८, १० आणि १२ हे पाच उपघटक तिन्ही एन्झाइमांत जसेच्या तसे आहेत. बाकीच्या भागांनाही बहुतांशी एकमेकांत जोडीदार सापडतात. मग पॉलिमरेज-१ आणि ३ मध्ये जास्तीचे भाग कशासाठी? पॉलिमरेज-२ ला ज्या सहायक प्रथिनांची मदत कामापुरती घ्यावी लागते, त्यांतील काहींसारखे भाग या दोघांनी कायमचे आपल्यात सामावून घेतले आहेत. ज्याचे काम ठरावीक आणि अखंड चालणारे, त्याने मदतनीस कायम ठेवला. ज्याला हजारो निरनिराळी जनुके सांभाळायची, त्याने तो गरजेप्रमाणे बोलावला, असा याचा अर्थ लावता येतो.

याहून आश्चर्याची गोष्ट १९९५ साली प्रसिद्ध झाली. यीस्टमधील उपघटकाचे जनुक काढून त्या जागी माणसाचे तेच जनुक घातले. माणसाचे सहा उपघटक यीस्टच्या यंत्रात बसले आणि पेशी जगल्या. यीस्ट आणि माणूस यांचे मार्ग अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरीही सुटा भाग चालला. जेथे माणसाचा भाग यीस्टला चालतो, तेथे एका माणसाच्या हातचे पाणी दुसऱ्याला चालत नाही असे मानणाऱ्यांनी थोडा विचार करावा.

रोगांशी संबंध

हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. बॅक्टेरियाच्या पॉलिमरेजचा गाभा पाच भागांचा असून त्यातील ‘बीटा’ हा उपघटक यीस्टच्या आरपीबी-२ चा नातेवाईक आहे. क्षयरोगावर दिले जाणारे रिफॅम्पिसिन, ज्यामुळे लघवी लालसर होते, ते या बीटा उपघटकाच्या एका खाचेत जाऊन बसते. दोन-तीन दुव्यांपुढे आर.एन.ए.ची साखळी वाढू शकत नाही आणि जंतू मरतो. आपल्या पॉलिमरेजमध्ये त्या जागेची घडण वेगळी असल्याने औषध तेथे बसत नाही. म्हणून जंतूचे यंत्र बंद पडते, आपले चालू राहते.

पण बीटा उपघटकाच्या जनुकात एखादे अक्षर बदलले, तर ती खाच बदलते आणि औषध लागू पडत नाही. असे बहुतेक बदल त्या जनुकाच्या अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात होतात. सरकारी रुग्णालयांत थुंकीची जी ‘सीबीनॅट’ तपासणी होते, ती हाच पट्टा तपासते. उपचार मध्येच सोडले, तर साधे जंतू मरतात आणि बदललेले जंतू मागे राहून वाढतात. आपल्या वस्त्यांमध्ये क्षयाच्या रुग्णाला औषधाचा पूर्ण कालावधी पाळण्याचा आग्रह का धरायचा, याचे शास्त्रीय कारण हे आहे. आपल्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी ते घरोघरी समजावून सांगावे.

माणसातही पॉलिमरेज-१ आणि पॉलिमरेज-३ च्या काही उपघटकांत दोष असल्यास चेहऱ्याच्या हाडांची वाढ अपुरी राहणारे किंवा मेंदूतील मज्जातंतूंचे आवरण नीट न बनणारे आजार जन्मतः होतात, हे २०११ साली स्पष्ट झाले. अशा दोषांचा अर्थ लावताना यीस्टवरील प्रयोग उपयोगी पडतात.

एक सावधगिरी

शेवटी दोन गोष्टींबाबत सावध राहिले पाहिजे. पहिली अशी, की नागसेनांना हे सर्व आधीच ठाऊक होते, असा दावा आपण करू नये. आमच्या ग्रंथांत सर्व विज्ञान आहे, असे म्हणणाऱ्यांची आपल्या देशात वाण नाही. आपण त्यांच्या रांगेत उभे राहण्याचे कारण नाही. नागसेनांनी विचार करण्याची एक रीत दिली. पॉलिमरेज कसे चालते हे मात्र प्रयोग करणाऱ्यांनीच शोधले. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, स्वतः पारखून घ्यावे, या बुद्धांच्या शिकवणुकीला हेच धरून आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. यंत्रात प्रत्येक भागाची जागा ठरलेली असते, म्हणून समाजातही प्रत्येकाची जागा जन्माने ठरलेली असावी, असा निष्कर्ष कोणी काढील. आपल्याकडे तो पूर्वीच काढला गेला आहे. विराट पुरुषाच्या मुखातून, बाहूंतून, मांड्यांतून आणि पायांतून चार वर्ण निर्माण झाले, ही कल्पना असल्याच दृष्टांताच्या आधारे शतकानुशतके लादली गेली. आरपीबी-४ ला आपली जागा बदलता येत नाही, कारण ते प्रथिन आहे. त्याला इच्छा नाही, शिक्षण नाही, विचार नाही. माणसाला हे सर्व आहे. जातिव्यवस्था नुसते काम वाटून देत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वेगवेगळ्या खणांत बंद करते, हा मुद्दा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या अधिवेशनासाठी लिहिलेल्या आणि प्रत्यक्षात होऊ न दिलेल्या भाषणात मांडला होता. निसर्गातील यंत्राचे कौतुक करताना त्याचा विसर पडू नये.

यीस्टपासून घ्यायचाच असेल तर एवढा बोध घ्यावा, की एखाद्याला बिनकामाचा ठरवण्यापूर्वी आपली परीक्षा कोणत्या परिस्थितीत घेतली आहे, हे तपासावे. विज्ञान शाखेतील विद्यार्थ्यांनी या विषयाचा मुळातून अभ्यास करावा. यीस्ट स्वस्त आहे, प्रश्न अजून शिल्लक आहेत, आणि ते सोडवण्यासाठी कोणत्या घरात जन्मलो हे विचारले जात नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!